रेघेच्या अलीकडे

जुहरची नमाज झाली की असरच्या अजानपर्यंतचा वेळ रोजेदाराला सर्वांत लांब वाटतो. पहाटे सहेरीला प्यालेले पाणी केव्हाच जिरलेले असते, इफ्तार अजून दूर असते आणि स्वयंपाकघरातली धावपळ सुरू व्हायलाही अवकाश असतो. शहराच्या जुन्या भागातल्या एका घरात या वेळी खिडकीजवळच्या तिवईवर एक कागद पसरलेला असतो. कागदावर अष्टकोनी चांदण्यांची जाळी असते आणि त्यावर झुकून एक निवृत्त शिक्षिका निळा रंग भरत असतात.

गल्ली त्यांना आपा म्हणते. नाव छापायचे नाही, एवढी त्यांची अट. उर्दू शाळेत त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ पोरांना अलिफ-बे गिरवायला शिकवले. गेल्या वर्षी त्यांचे पती गेले, आणि हा त्यांच्याविना पहिला रमजान. दुपारच्या याच वेळी ते आरामखुर्चीत बसून मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत आणि आपा तांदूळ निवडता निवडता ऐकत. आता तांदूळ निवडून येतो, खुर्ची रिकामी असते आणि घड्याळ पुढे सरकत नाही.

त्या रिकाम्या वेळेत रंग कसे आले, ते मध्येच डबा बंद करून परत का गेले आणि पुन्हा कसे आले, याची ही हकीकत आहे. गोष्ट एका घराची असली तरी तिच्यातला प्रश्न अनेक घरांत वेगवेगळ्या रूपाने उभा राहतो.

पती गेल्यावर इस्लाममध्ये स्त्रीला चार महिने दहा दिवस इद्दत पाळावी लागते. या काळात ती शक्यतो घराबाहेर पडत नाही, नटत-सजत नाही, सण-समारंभाला जात नाही. भेटायला येणारी माणसे पहिल्या महिन्यात खूप असतात, मग ओसरतात. आपांची झोप त्याच वेळी उडाली. समोरच्या घरातल्या वहिनी रोज संध्याकाळी येऊन बसत. त्यांची लेक वास्तुशास्त्र शिकते. एक दिवस ती आईबरोबर आली आणि जाताना एक रंगवायचे पुस्तक तिवईवर ठेवून गेली. "आपा, लहान मुलांचं नाहीये हे. मोठ्या माणसांसाठीच असतं," असे तिने मुद्दाम सांगितले.

मोठ्यांची रंगपुस्तके तशी अलीकडची. स्कॉटलंडच्या चित्रकार जोहाना बॅसफोर्ड यांचे 'सीक्रेट गार्डन' २०१३ साली निघाले, आणि पुढच्या दोन वर्षांत जगभरच्या पुस्तकांच्या दुकानांत अशा पुस्तकांचे ढीग लागले. बारीक पाने, वेली, नक्षी यांच्या फक्त रेघा छापलेल्या असतात, रंग आपण भरायचा. यामागे थोडेफार शास्त्रही आहे. अमेरिकेतल्या नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी २००५ साली ८४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. आधी त्यांना थोडे अस्वस्थ करणारे काही लिहायला लावले. मग काहींना गोलाकार मंडल रंगवायला दिले, काहींना चौकटींची नक्षी, तर काहींना कोरा कागद दिला. मंडल आणि चौकटी रंगवणाऱ्यांची अस्वस्थता कमी झाली. कोऱ्या कागदावर मनाला येईल ते काढणाऱ्यांना तेवढा फरक पडला नाही. म्हणजे अस्वस्थ मनाला पूर्ण मोकळीक नको होती, त्याला धरायला आखलेली रेघ हवी होती.

आपांना हा प्रयोग माहीत असण्याचे कारण नव्हते. पण पहिल्याच दिवशी पाऊण तास कसा गेला ते कळले नाही, हे त्यांनी वहिनींना सांगितले.

सुरुवात रंगीत पेन्सिलींनी झाली. पण आपांच्या बोटांना संधिवाताचा त्रास. पेन्सिल दाबून फिरवली की रात्री बोटे ठणकत. तेव्हा समोरच्या मुलीने आपले मार्कर आणून दिले. काळ्या डब्यात उभे लावलेले, दोन्ही बाजूंना टोपण असलेले साठ पेन. एका बाजूला ब्रशसारखे मऊ टोक, दुसऱ्या बाजूला छिन्नीसारखे पसरट. दाबावे लागत नाही, नुसते टेकवले की रंग कागदात उतरतो. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी इमारतींची चित्रे यानेच रंगवतात.

शाळकरी मुलांच्या स्केच पेनात रंग पाण्यात विरघळलेला असतो. दोनदा फिरवले की कागदाचे लोकर निघते आणि पट्टे पडतात. या मार्करमध्ये पाण्याऐवजी स्पिरिटसारखा पटकन उडून जाणारा द्रव असतो. तो रंगाला कागदाच्या धाग्यांत घेऊन जातो आणि काही क्षणांत हवेत निघून जातो. मागे राहतो तो फक्त रंग. त्यामुळे पट्टे दिसत नाहीत, आणि ओल असतानाच शेजारची छटा लावली तर दोन्ही एकमेकींत मिसळून जातात. या प्रकारातले सर्वांत नावाजलेले मार्कर म्हणजे जपानचे कॉपिक. ते १९८७ साली बाजारात आले आणि आज त्यांच्या ३५८ छटा मिळतात. नाव 'कॉपी' या शब्दावरून आले, कारण या शाईने झेरॉक्सच्या काळ्या रेघा विरघळत नाहीत. झेरॉक्सची रेघ म्हणजे कागदावर वितळवून बसवलेली टोनरची भुकटी. अल्कोहोलने ती हलत नाही.

हा गुण आपांच्या फार कामाला आला. पुस्तकाचा कागद पातळ होता, रंग आरपार जाऊन पुढच्या पानावर डाग पडत. मग मुलीने शैक्षणिक सहलीत पाहिलेल्या जाळ्यांची रेखाटने काढली आणि जाड, गुळगुळीत कागदावर त्यांच्या झेरॉक्स काढून आणल्या. विजापूरच्या इब्राहिम रौजाची एक, औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्याच्या तीन. एक पान बिघडले तर दोन रुपयांत दुसरे. आपांची भीड गेली.

त्यांचा हात आधीच तयार होता. लहानपणी त्या तख्तीवर मुलतानी मातीचा हात फिरवून, ती वाळवून, बोरूने खुशखत गिरवायला शिकल्या. दौतीत काजळी आणि डिंकाची शाई, तिच्यात बुडवलेला सुताचा बोळा, म्हणजे बोरू जास्त शाई उचलणार नाही. कलम किती भरायचे आणि कुठे उचलायचे हे बोटांना ठाऊक होते. मार्करचे नियमही आठवडाभरात अंगवळणी पडले. फिकी छटा आधी, गडद नंतर. एका रंगाच्या निदान तीन छटा जवळ घ्यायच्या. नवा रंग आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर लावून बघायचा, कारण टोपणावरचा रंग आणि कागदावरचा रंग कधीच सारखा नसतो. खाली जाड पुठ्ठा ठेवायचा. डबा वापरून झाला की आडवा ठेवायचा, म्हणजे दोन्ही टोके ओली राहतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, रेघेपर्यंत रंग न्यायचा नाही. ही शाई टेकवल्यावर आणखी थोडी पसरते, म्हणून रेघेच्या जरा अलीकडे थांबायचे. उरलेले अंतर ती आपण होऊन भरते.

इद्दत संपली, रमजान लागला. तिसरा रोजा होता. आपांची सून शाळेतून दुपारी घरी आली. ती रत्नागिरीकडची, एका शाळेत शिक्षिका आहे. सासूच्या शेजारी बसून तिने सहज डबा उलटा केला आणि मागची बारीक अक्षरे वाचली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "अम्मी, यात अल्कोहोल आहे."

आपांचा हात जिथे होता तिथेच थांबला. रोजा चालू, समोर कुरआनशरीफ ठेवलेली रेहल, बोटांना निळा रंग लागलेला आणि थोड्या वेळाने असरची नमाज. त्यांनी टोपण लावले, साबणाने तीनदा हात धुतले आणि डबा वर्तमानपत्रात गुंडाळून नातवाच्या हाती समोर पाठवून दिला. निरोप एवढाच, "आम्हाला चालत नाही."

वहिनींनी दार उघडले, पुडके घेतले आणि काही बोलल्या नाहीत. मात्र त्या संध्याकाळी त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. दरवर्षी पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडून इफ्तारसाठी फळांची परडी येते, ती आली नाही. आपण ऐन रोज्यात त्यांच्या घरी दारूसारखी वस्तू पाठवली, या विचाराने त्या खजील झाल्या होत्या, हे नंतर कळले. इकडे आपांना वाटले, भेट परत केल्याचा त्यांना राग आला. चाळीस वर्षांच्या शेजाराला तीन शब्दांचा निरोप पुरेसा ठरला. आणि जुहर ते असरचा वेळ पुन्हा पहिल्यासारखा लांब झाला.

बाहेरून पाहणाऱ्याला हे सारे अतिरेकी वाटू शकते. पेनातली शाई कोण पिणार आहे? पण श्रद्धेने जगणाऱ्या माणसासाठी प्रश्न फक्त पिण्याचा नसतो. कुरआनमध्ये सूरह माइदात मद्याला जुगाराबरोबर अपवित्र म्हटले आहे आणि त्यापासून दूर राहण्याचा आदेश आहे. नमाजसाठी शरीर, कपडे आणि जागा पाक, म्हणजे शुद्ध असावी लागते. मद्याचा थेंब अंगावर पडला तर तो धुवावा लागतो. मग पेनातल्या अल्कोहोलचा थेंब मद्याचा मानायचा की नाही? सुनेचा प्रश्न तिच्या जागी पूर्ण बरोबर होता.

त्यात आणखी एक पदर होता, तो या घराच्या बाहेर फारसा कुणाला माहीत नसतो. महाराष्ट्राच्या देशावरचे बहुतेक सुन्नी मुस्लिम इमाम अबू हनीफांच्या परंपरेने चालतात. कोकणी मुस्लिमांची परंपरा इमाम शाफिईंची. समुद्रमार्गे अरबस्तानाशी असलेल्या जुन्या संबंधांतून ती कोकण किनाऱ्यावर रुजली. दोन्ही परंपरा एकमेकींना योग्य मानतात, पण बारीक नियमांत फरक आहे. नशा आणणारा कोणताही द्रव अपवित्र, अशी शाफिई परंपरेतली ठळक भूमिका. हनफी परंपरेत मात्र जुनी आणि सूक्ष्म चर्चा आहे. कुरआनमध्ये जो 'खम्र' शब्द येतो त्याचा काटेकोर अर्थ द्राक्षाचे मद्य असा इमाम अबू हनीफांनी घेतला. खजूर आणि मनुका यांच्यापासून केलेल्या मद्यालाही कडक नियम लागू केले. नशा आणणारे काहीही पिणे निषिद्ध, यात पुढे मतभेद उरला नाही. पण इतर पदार्थांपासून तयार केलेला अल्कोहोल अंगाला लागला तर शरीर अपवित्र होते का, या प्रश्नाला हनफी चर्चेत जागा राहिली.

म्हणून आपांच्या मुलाने जेव्हा तरावीहनंतर मशिदीतल्या मौलानांना हे विचारले, तेव्हा त्यांनी हो किंवा नाही असे उत्तर दिले नाही. त्यांनी उलट विचारले, "कोणता अल्कोहोल? कशापासून केलेला?"

मुलाला सांगता येईना. मौलाना म्हणाले, "मग आधी ते बघून या. वस्तू काय आहे हे कळल्याशिवाय हुकूम कसा सांगणार? नावावरून हुकूम लागत नाही."

चौकशी करायची तर ती समोरच्या मुलीकडेच करावी लागणार होती. मुलगा संकोचत गेला. तिने मार्कर बनवणाऱ्यांचे सुरक्षा पत्रक शोधून काढले. या पेनांत मुख्यतः इथेनॉल होते, आणि थोडे प्रोपेनॉल. प्रोपेनॉलच्या जातीतले, आपल्याला इंजेक्शनच्या आधी दंडावर चोळतात ते स्पिरिट बहुतेक वेळा खनिज तेलापासून मिळणाऱ्या वायूपासून करतात. त्याला 'अल्कोहोल' हे रसायनशास्त्रातले आडनाव मिळाले आहे, पण ते कुणी मद्य म्हणून पीत नाही. ते विषारी आहे. इथेनॉल हे मात्र दारूतलेच द्रव्य. पण कारखान्यात लागणारे इथेनॉल द्राक्षापासून कोण करील? परवडणारच नाही. ते मका, तांदूळ, उसाची मळी किंवा खनिज तेलातले घटक यांच्यापासून होते. शाई, रंग आणि औषधे यांच्यासाठी ते वापरताना त्यात बहुधा असे काही मिसळतात की ते पिण्याजोगे राहत नाही.

मळीचे इथेनॉल म्हटल्यावर साखरपट्ट्यातल्या माणसाला लांब जायला नको. कारखान्याच्या आसवनीचा वास इथल्या वाऱ्यावर असतोच. तेच इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते. वीस टक्क्यांपर्यंत मिश्रणाचे लक्ष्य देशाने २०२५ मध्ये गाठले. मौलानांनी हे ऐकले आणि हसून म्हणाले, "म्हणजे तरावीहला येणारी प्रत्येक मोटारसायकल याच्यावरच चालते. बाहेर बघा, किती लागल्यात!"

असा प्रश्न त्यांच्यासमोर पहिल्यांदाच आला नव्हता. जुन्या अत्तरात चंदनाचे तेल असे, त्यामुळे प्रश्न नव्हता. स्प्रेच्या बाटल्या आल्या तेव्हा लोक विचारू लागले की हे लावून नमाज होते का. कोरोनाच्या काळात तो पुन्हा निघाला. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी पुन्हा उघडली तेव्हा दारात सॅनिटायझर ठेवायचे होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या पाककृतीने केलेल्या सॅनिटायझरमध्ये ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. देशात काही उलेमांनी मशिदीत ते नको म्हटले, साबण-पाणी वापरा असे सांगितले. इतर अनेकांनी परवानगी दिली. हनफी परंपरेतल्या समकालीन विद्वानांपैकी अनेकांचे म्हणणे असे की, द्राक्ष-खजुराखेरीज इतर पदार्थांपासून केलेला अल्कोहोल औषध, सुगंध, शाई अशा पिण्याव्यतिरिक्त कामांसाठी वापरता येतो.

आपांसाठी मौलानांनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, या शाईने हात किंवा कपडे अपवित्र होत नाहीत, रंग भरण्यास हरकत नाही. दुसरी रोज्याविषयी. नुसता वास आल्याने रोजा तुटत नाही. उदबत्तीचा किंवा विडीचा धूर मुद्दाम आत ओढला तर तुटतो, वासाचे तसे नाही. मात्र खिडकी उघडी ठेवावी आणि टोपण दातांनी काढू नये. टोपणाचा विषय निघाल्यावर मुलगा हसला, कारण आपांची ती जुनी सवय. तिसरी वजूविषयी. नमाजपूर्वी हात, तोंड, पाय धुताना पाणी त्वचेपर्यंत पोचले पाहिजे. नखांवरच्या पॉलिशचा थर पाणी अडवतो, म्हणून ते काढावे लागते. मेंदीचा नुसता रंग थर धरत नाही, म्हणून चालतो. मार्करचा डाग मेंदीसारखा. पुसून गेला नाही तरी वजू होते.

शेवटी ते म्हणाले, "आणि सुनेला सांगा, तिने टोकलं ते चांगलंच केलं. तिच्या इमामांच्या मतानं ती जपते, तर तिला आग्रह करू नका. अल्लाह अधिक जाणतो." फतव्याच्या शेवटी हे वाक्य लिहिण्याची जुनी रीत आहे. उत्तर देणाराही शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी इफ्तारच्या आधी आपांनी एका ताटात भजी, खजूर आणि फालुद्याचा पेला ठेवला, वर जाळीचा रुमाल टाकला आणि स्वतः रस्ता ओलांडला. घरातून निघताना त्यांनी ठरवले होते की आधी माफी मागायची, मग समजावून सांगायचे. पण वहिनींनी दारातच त्यांचा हात धरला. "आपा, मला खरंच माहीत नव्हतं हो. रोज्यात तुमच्या घरात मी काय पाठवलं!" त्यांचे डोळे भरले.

मग दोघी ओट्यावर बसल्या. आपांनी मळीपासून मेंदीपर्यंत सारे सांगितले. वहिनी लक्ष देऊन ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्याकडं काय वेगळं आहे? सासरी उपासाला कोथिंबीर चालते, माहेरी चालत नाही. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या एकादशीला मी बटाट्याच्या भाजीवर कोथिंबीर बघून जेवलेच नाही. सासूबाई म्हणाल्या, तुला नको तर तुझी वेगळी काढते. रागावल्या नाहीत. त्या दिवशी मला हे घर आपलं वाटलं."

वहिनींच्या या आठवणीत मौलानांच्या शेवटच्या वाक्याचाच अर्थ होता. दुसऱ्याचा नियम आपल्याला पटण्याची गरज नसते. त्याची भाजी वेगळी काढून ठेवली, एवढे पुरते. अडचण येते ती नियमामुळे नाही, तीन शब्दांत निरोप पाठवून दार लावून घेतल्यामुळे. आपांनी त्या दिवशी डब्याबरोबर एक वाक्य जास्त पाठवले असते, की थांबा, जरा विचारून घेते, तर दोन्ही घरांचे आठ दिवस वाचले असते. हे त्या स्वतःच सांगतात.

डबा परत आला. सोबत राहिलेली फळांची परडीही आली.

सुनेने मार्कर घेतले नाहीत. पण सासूच्या तिवईवर आता दुसरा कागद असतो. तिच्या पानावर रंगीत पेन्सिली चालतात. सुटीच्या दिवशी दोघी समोरासमोर बसतात. आपांचा रंग झटपट भरतो, सुनेचा हळू. पुस्तकातल्या काही पानांवर पक्षी आणि हरणे आहेत. सजीवांची चित्रे काढण्याविषयी उलेमांमध्ये वेगळीच चर्चा आहे, तिच्यात न पडता दोघींनी ती पाने तशीच कोरी सोडली. वेली आणि जाळ्या पुष्कळ आहेत. महिना त्यांनाच पुरणार नाही.

सध्या आपांच्या हातात मकबऱ्याची जाळी आहे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू यांची ही कबर १६६० च्या सुमारास बांधून झाली. मुख्य प्रवेशद्वाराच्या पितळी पत्रा मढवलेल्या दारावर एक लेख आहे. त्यात वास्तुकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय यांची नावे आहेत. एकाने आखले, दुसऱ्याने उभारले, आणि दोघांची नावे एकाच दारावर साडेतीनशे वर्षे शेजारी राहिली आहेत. समोरच्या मुलीने जाळीचे चित्र देताना ही माहिती कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहून दिली होती. आपांनी ती नावे खुशखतात पुन्हा लिहिली, उर्दूत आणि मराठीत.

रोज्याचे नियम सांगणारी कुरआनमधली जी आयत आहे, सूरह बकरातली १८७ वी, तिच्यात पहाटेचा काळा धागा आणि पांढरा धागा वेगळा दिसू लागेपर्यंत खाण्यापिण्याची मुभा दिली आहे. त्याच आयतीच्या शेवटी या मर्यादांच्या जवळही जाऊ नये, असा इशारा आहे. ओलांडू नये एवढेच नाही, जवळही जाऊ नये. आपांनी ही आयत असंख्य वेळा वाचली आहे. यंदा ती वाचताना त्यांना रंग आठवला. रेघेपर्यंत नेला तर तो पलीकडे फुटतो. जरा अलीकडे थांबले तर जागा नेमकी भरते. सहेरीला अजानची वाट न पाहता दोन मिनिटे आधी हात धुणारी माणसे हेच करतात. शेजाऱ्याशी बोलताना शेवटचा कडक शब्द गिळणारी माणसेही.

इथे एक छोटी सूचना, ज्यांना ईदपूर्वी हा छंद करून बघायचा असेल त्यांच्यासाठी. महागड्या जपानी पेनांपासून सुरुवात करू नये. बारा-पंधरा छटांचा साधा संच पुरतो, पण त्यात राखाडीच्या दोन छटा असाव्यात, सावलीसाठी त्या लागतात. संचातला बिनरंगी पेन खोडरबर नाही. तो रंग पुसत नाही, फक्त बाजूला ढकलतो. पुस्तक घेताना एका बाजूलाच छापलेली पाने बघावीत, नाहीतर सरळ नक्षीची झेरॉक्स काढावी. खोली हवेशीर असावी आणि पेन लहान मुलांच्या व जळत्या गॅसच्या जवळ नसावेत, ही शाई लवकर पेट घेते. ज्यांचे मन मानत नाही त्यांच्यासाठी पाण्याच्या शाईचे ब्रश पेन आणि पेन्सिली आहेतच. मराठी घरांना रंगांची ददात कधी नव्हती. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनचे रंग कुठल्याही धर्माच्या मुलाच्या दप्तरात सापडतात.

आता चौथा आठवडा सुरू आहे. ईदच्या दिवशी समोरच्या घरी शीरखुर्म्याच्या पातेल्याबरोबर काय पाठवायचे हे ठरले आहे. मकबऱ्याची जाळी पूर्ण होत आली, फक्त कडेच्या चार चांदण्या बाकी आहेत. आपांनी त्या मुद्दाम ठेवल्या आहेत. समोरची मुलगी वसतिगृहातून सुटीला येणार आहे. तिच्या रेघा, तिचे पेन, म्हणून शेवटच्या चार चांदण्या तिने भरायच्या.

असरची अजान होते. आपा पेन टोपणात सरकवतात, टक् असा आवाज येतो. बोटावर थोडा निळा रंग राहिलेला असतो. त्या तशाच वजूला उठतात.